वाढू न शकणारा विषाणू

गेल्या वर्षात कल्याण-डोंबिवलीकडील काही कुटुंबांनी आम्हास एकच प्रश्न विचारला. रक्ताचा कर्करोग उलटल्याने त्यांच्या रुग्णास खारघरच्या टाटा केंद्रात जाण्याचा सल्ला मिळाला होता. तेथील नव्या उपचारात एचआयव्हीच्या कुळातील विषाणू वापरतात, हे खरे काय? आमच्या रुग्णालयात हा उपचार होत नाही आणि आम्ही मूळचे वाणिज्य शाखेचे; तरी जाणकारांकडून जे समजले ते येथे मांडतो.

होय, खरे आहे. रेट्रोव्हायरस पेशीत शिरून आपल्या आरएनएची डीएनए-प्रत तयार करतो व ती पेशीच्या गुणसूत्रात कायमची गुंफतो. हाच गुण उपयोगी पडला. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्राने सिद्ध केलेल्या ‘नेक्सकार१९’ उपचारात रुग्णाच्या टी-पेशी काढून घेतात, लेंटिव्हायरस वाहकाने त्यांत कर्करोगपेशी ओळखणारे जनुक घालतात आणि त्या वाढवून रुग्णास परत देतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास मान्यता मिळाली; ४ एप्रिल २०२४ रोजी पवई येथे राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते लोकार्पण झाले.

भीती निराधार नव्हे. १९९२ साली अमेरिकेतील एका प्रयोगात वाहकात स्वतः वाढू शकणारा रेट्रोव्हायरस मिसळला गेला व १० पैकी ३ माकडांना लसिकापेशींचा कर्करोग झाला. तेव्हापासून विषाणूची जनुके निरनिराळ्या तुकड्यांत विभागून ठेवण्यावर कटाक्ष आहे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, तिजोरीची किल्ली एकाकडे आणि रोकडवही दुसऱ्याकडे. वाहक पेशीत जनुक पोहोचवितो, पण स्वतःची प्रजा वाढवू शकत नाही. वाढणारा विषाणू नाही ना, हेही तपासले जाते. घरातील इतरांना त्यापासून संसर्ग होत नाही. मेंदूच्या गाठीसाठी मुद्दाम वाढू शकणारा रेट्रोव्हायरस वापरूनही पाहिला गेला. परंतु २०१९ मध्ये त्या मोठ्या चाचणीत रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही.

नेक्सकार१९ च्या चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. प्रतिसाद म्हणजे कायमची मुक्तता नव्हे, हे कुटुंबांस आम्ही स्पष्ट सांगतो. खर्च परदेशाच्या सुमारे एक दशांश, तरीही लाखांच्या घरात. शिवाय नव्या पेशी लढू लागल्या की तीव्र ताप येऊ शकतो, रक्तदाब उतरू शकतो. म्हणून पहिले काही आठवडे केंद्राजवळच राहावे लागते. डोंबिवलीहून रोज ये-जा करणे शक्य नाही. या मुक्कामाचा खर्च रुग्णसाहाय्य निधीतून देता यावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.