अर्धं ताट

॥ श्री पांडुरंग प्रसन्न ॥

मंगळवेढा, मंगळवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या बाबाचा फोन आला. आधी पावसाचं बोलला, मग विहिरीचं आणि शेवटी म्हणाला, "आक्का, पोरगी आठ दिवस खोलीबाहेर येत नाही. ताट दाराशी ठेवतो, अर्धं तसंच परत येतं." बदलीचा अर्ज लिहून ठेवलायस, असंही कानावर आलं. अर्जाचं मला काही नाही. ते अर्धं ताट डोळ्यांपुढून हलत नाही.

ग्रामसभेतलं सगळं कळलं. न झालेल्या कामाच्या बिलावर तू सही केली नाहीस, म्हणून भर सभेत तुझ्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. बोलणारे दोघे, खाली माना घालून ऐकणारं सगळं गाव. त्या माना तुला जास्त लागल्या असतील. पण पाप त्यांचं आणि कडी तू लावून घ्यायची? ग्रामसेविका ना तू? आणि जेवणावर कसला राग काढतेस?

रागावले. राहू दे.

ज्ञानोबांनीही ताटी लावून घेतली होतीच की. आळंदीत 'संन्याशाची पोरं' म्हणून हिणवलेली ती भावंडं. एके दिवशी माउलींनाही सोसवेना. बाहेरून हाक मारली ती चार वर्षांनी धाकट्या मुक्ताईनं. उद्यापासून लोक गोड बोलतील, असं ती दादाला सांगत नाही. सगळ्यांत एकच देव भरलेला, मग परका कोण, याची आठवण देते.

देवावर भरवसा ठेवला म्हणजे लोक बोलायचे थांबतात, असं मीही तुला सांगणार नाही. आपले चोखोबा १३३८ साली इथंच कुसवाची भिंत कोसळून गेले. जन्मभर त्यांना पंढरपुरात विठोबाच्या देवळात पाऊल ठेवू दिलं नाही. त्यांच्या माणसांना ते दार उघडायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं. पण विठोबा आपला आहे, हे चोखोबांच्या मनातून कुणाला काढता आलं नाही.

धाकट्या काकूंचं तुला ठाऊकच आहे. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं, मला वाढवलं त्यांनीच. माझ्या हळदीच्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड उभ्या होत्या, हात तांदळाच्या पाण्यानं ओले. पहिली हळद काकूंनी लावावी, एवढंच मला म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. अंगणातल्या बायकांकडे पाहिलं आणि गप्प बसले. काकू माझ्याकडे बघून हसल्या आणि तांदूळ धुवायला वळल्या. पन्नास वर्षं होत आली. त्या बायकांपैकी एकीचंही नाव आज मला आठवत नाही, गं.

त्याच काकू वारीला निघाल्या की वेगळ्याच दिसायच्या. तिथं कपाळ कोण पाहतो? समोरचा वाकून पायाला हात लावतो, आपण त्याच्या लावायचा, दोघंही माउली. पंढरपुरात पोचल्या की महाद्वारी आधी चोखोबांच्या समाधीपुढे डोकं ठेवायच्या. आणि एरवी घरातून निघताना, चार माणसांत जायचं असलं की, उंबऱ्यावर क्षणभर थांबून हळूच म्हणायच्या, "पांडुरंगा, तू हो पुढे." भीती त्यांनाही वाटायचीच. हात कापताना मी पाहिलाय. पण थांबायच्या तेवढाच क्षण.

मी ते फार उशिरा शिकले. अजूनही एखादे दिवशी विसरते.

अर्ज द्यायचा तर दे, बाळा. तुझं तू ठरव. फक्त स्वतःच्या पायांनी जाऊन दे. आणि जेव. बाबाला विचारलं तर "खाते थोडं" म्हणतो. त्याचं "थोडं" मला लहानपणापासून माहीत आहे.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघते आहे. मालदांडीचं पीठ आणि शेंगाचटणी आणते, भाकरी तिथंच थापीन. दार उघडावंसं वाटलं नाही तर नको उघडूस. मी काही विचारणार नाही. दोन ताटं घेऊन बाहेर जमिनीवर बसेन.

तुझी,
आक्काआत्या