आधी लोटा आणि कांदा

चि. सायलीस,


तुझं पत्र पोचलं. तैलरंगांचा संच घेतलास, छान केलंस. पण पहिल्याच चित्राला भला मोठा कॅनव्हास, फुलदाणी, फळांची परडी, मागे रेशमी पडदा हा थाट कशाला? तो कॅनव्हास तूर्तास माळ्यावर टाक. सहा बाय आठ इंची बोर्ड घे आणि स्वयंपाकघरातून दोनच वस्तू उचल : पितळी लोटा आणि कांदा. एवढं चित्र एका बैठकीत पुरं होतं. हात बसतो तो पुऱ्या केलेल्या चित्रांवर, अर्धवट टाकलेल्यांवर नाही.

लहान चित्र म्हणजे किरकोळ चित्र नव्हे. फ्रान्सच्या शार्दँनं (1699–1779) घरातली पाण्याची तांब्याची टाकी रंगवली. ते चित्र फूटभरही उंच नाही, पण आज लूव्रमध्ये आहे. इटलीतल्या बोलोन्याचा मोरांदी (1890–1964) आपल्या झोपायच्या खोलीतच त्याच त्या बाटल्या आणि डबे वर्षानुवर्षं रंगवत राहिला. चकाकी आड येऊ नये म्हणून त्यानं काही बाटल्यांवर रंगही फासला होता.

मांडणी खिडकीजवळ कर आणि ट्यूबलाइट बंद ठेव. उजेड एकाच बाजूनं आला की सावली स्पष्ट पडते. मग डोळे किलकिले करून बघ : सगळ्यांत गडद कुठे, सगळ्यांत उजळ कुठे? रंगाचा विचार त्यानंतर. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्थिरचित्रासाठी तू आधी बाह्यरेषा पक्की करून आत रंग भरायचीस. ती सवय इथे सोड. सपाट ब्रशनं आधी गडद आणि उजळ भाग ठोकळमानानं लाव, कडा मागाहून.

लोटा पिवळा असतो, हे डोक्यातून काढून टाक. उजेडाकडची बाजू यलो ऑकरच्या जवळ जाते, पण सावलीकडे पोट जवळजवळ तपकिरी असतं. तळाशी टेबलावरच्या कापडाचा रंग उतरतो. कांदा जवळ सरकवलास तर त्याची लालसर झाक पितळेत दिसेल. खिडकीचा चौकोन लोट्याच्या गोलाईबरोबर वाकतो, तो सरळ काढलास की लोटा चपटा झालाच म्हणून समज. चकाकीचा ठिपका सगळ्यांत शेवटी, एका फटक्यात ठेव आणि पुन्हा त्याला हात लावू नकोस. काळ्या ट्यूबची गरज नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळलं की हवा तेवढा गडद रंग मिळतो, आणि तो निळसर ठेवायचा की तपकिरी हेही आपल्या हातात राहतं.

तैलरंग पोस्टर कलरसारखा पाणी उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं; पावसाळ्यात तर आणखीच वेळ लागतो. म्हणून एकाहून अधिक थर द्यायचे तेव्हा पहिला टर्पेंटाइननं पातळ केलेला, वरचे त्याहून तेलकट. उलट केलंस तर वरचा थर आधी कडक होतो आणि खालचा ओला थर त्याला तडे पाडतो. वॉर्निशची घाई नको, सहा महिने तरी जाऊ देत.

एक गोष्ट मात्र दटावून सांगते. तेलानं माखलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात बुडवून ठेव. खिडकी उघडी असू दे आणि उरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नकोस.

पहिलं चित्र आवडलं नाही म्हणून वस्तू बदलू नकोस. तोच लोटा, तोच कांदा, फक्त जागा बदल आणि पुन्हा बस. निदान पाच चित्रं झाली की सगळी एका ओळीत लाव आणि मला फोटो पाठव. फसलेलं वगळू नकोस. शिकवायला मला तेच सगळ्यांत उपयोगी पडेल.

तुझी,
मावशी