छायाचित्रातील नोंदवही

मालवणच्या समुद्रात शिवछत्रपतींनी १६६४ साली बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग उभा आहे. त्याच्या तटावर फुटणाऱ्या लाटेची दोन छायाचित्रे पाहा. पहिल्यात पाण्याचा थेंब न् थेंब सुटा दिसतो; दुसऱ्यात लाट धुक्यासारखी पसरलेली असते. असे का व्हावे?

उत्तर छायाचित्रातच दडलेले असते. कॅमेऱ्याची झडप किती वेळ उघडी होती, भिंगाचे छिद्र केवढे होते, हे डिजिटल कॅमेरा चित्राबरोबरच नोंदवून ठेवतो. १९९५ साली जपानमध्ये ठरलेल्या या नोंदपद्धतीस ‘एक्झिफ’ म्हणतात. चित्राचा तपशील उघडताच उलगडा होतो: पहिल्या वेळी झडप सेकंदाचा हजारावा भाग उघडी होती, दुसऱ्या वेळी अर्धा सेकंद!

चित्र दुसऱ्यास धाडताना ही नोंद पुष्कळदा गळून पडते. म्हणून शिकणाऱ्याने मूळ चित्र जपून ठेवावे.