आधी वेळ ठरवा, मग जीव लावा

आमच्या न्यू जर्सीतल्या घरी मुलांना सांभाळायला एक जर्मन मुलगी राहून गेली. तिला घेऊन आम्ही माझ्या सासरीही जाऊन आलो. अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना लागणारं मैंदर्गी हे ते गाव. तेव्हापासून ओळखीतल्या घरांतून विचारणा होते, ‘जर्मन मुलीचं आपल्या घरात जमतं का गं?’ जमतं, आणि छान जमतं. पण कुठे अडतं ते आधी ठाऊक हवं, नाहीतर दोन्हीकडची भली माणसं उगाच दुखावली जातात.

या मुलींना ‘ओ पेअर’ म्हणतात. परदेशातल्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची आणि त्या बदल्यात राहणं-जेवण, हातखर्च, तिथली भाषा आणि माणसं समजून घ्यायची संधी मिळवायची, अशी ही युरोपातली जुनी रीत आहे. 1969 साली स्ट्रासबर्गला युरोप परिषदेने त्यावर एक करारही केला. अमेरिकेत 1986 पासून ही योजना सुरू आहे आणि ती जे-1 व्हिसावर चालते. मुलीचं वय 18 ते 26 असावं लागतं. काम दिवसाला जास्तीत जास्त 10 तास आणि आठवड्याला 45 तास. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, महिन्यातून एक अख्खा शनिवार-रविवार मोकळा, वर्षात दोन आठवडे भरपगारी रजा आणि स्वतंत्र खोली. तिला आठवड्याला किमान 195.75 डॉलर द्यायचे, शिवाय शिक्षणासाठी 500 डॉलरपर्यंत. कामं फक्त मुलांची: त्यांचा डबा, त्यांचे कपडे, शाळेतून ने-आण, अभ्यास, खेळ. सगळ्या घराचा स्वयंपाक, केर-फरशी किंवा आजी-आजोबांची उठबस यात बसत नाही.

आपल्या घरांना सगळ्यात जड जातो तो 45 तासांचा हिशेब. जवळच्या माणसाच्या वेळेची नोंद ठेवणं आपल्याला परकेपणाचं वाटतं. सून, मोठी मुलगी, मदतीला आलेली मावशी, यांचं काम किती वाजता संपतं हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. त्यांनाही ते विचारायची सवय नसते. ‘तू आमच्या घरचीच’ असं आपण मनापासून म्हणतो आणि त्या मायेच्या ओघात संध्याकाळी सात वाजता ‘जरा याला बघतेस का?’ असंही म्हणून जातो. जर्मन मुलगी हे वेगळ्या घरातून शिकून आलेली असते. तिच्या घरी कामाची वेळ संपली की संपली. त्यानंतरचा वेळ तिचा स्वतःचा, आणि तो मागून घ्यावा लागत नाही.

माझ्या सासूबाई सप्टेंबरात आमच्याकडे आल्या, तेव्हा हे पहिल्यांदा जाणवलं. ती मुलगी सहा वाजता मुलांना माझ्या हवाली करायची, पाव, चीज आणि काकडीची ताटली घेऊन खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. जर्मनीत रात्रीचं जेवण पुष्कळ घरांत असंच थंड, पावाचं असतं आणि बंद दारात काही वावगं नसतं. सासूबाईंचा मात्र जीव कासावीस झाला. ‘काय गं, पोरगी दार लावून बसलीय, रुसली का काय? आणि रात्रीच्याला नुस्ता पाव खाऊन कसं राहती?’ त्या गरम पोळी-भाजीचं ताट घेऊन दारावर थाप मारायच्या. ती हसून ‘नको’ म्हणायची. नको म्हणजे नकोच, असं तिचं सरळ. सासूबाईंना वाटे, हिला माझ्या हातचं आवडत नाही.

यावर आम्ही एकच केलं आणि ते पुढे सगळ्यात उपयोगी पडलं. आठवड्याचं वेळापत्रक कागदावर लिहून फ्रिजवर लावलं, आणि सासूबाईंना ते मराठीत वाचून दाखवलं. तिची कामाची वेळ कोणती, सुट्टी कोणती, आणि आठवड्यातून दोन रात्री ती सगळ्यांबरोबर जेवेल, हेही तिच्याशी बोलून त्यात घातलं. त्या दोन रात्री ती खरंच मन लावून जेवायची. तास ठरल्यामुळे दुरावा येईल ही भीती पुष्कळांना असते. आमच्या घरात उलट झालं. काम आणि सोबत यांतली सरमिसळ गेली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी ती आपणहून सासूबाईंजवळ बसून शेंगदाणे सोलू लागली.

अशा लहान गोष्टी आणखीही आहेत. नोव्हेंबरच्या थंडीत ती सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडायची. जर्मन घरांत रोज हवा बदलणं इतकं पक्कं आहे, की काही ठिकाणी घरभाड्याच्या करारातही ते लिहिलेलं असतं. सासूबाई मुलांच्या कानाला टोपडी बांधत धावायच्या. शेवटी पाच मिनिटं खिडक्या उघड्या आणि तेवढा वेळ मुलं दुसऱ्या खोलीत, असं ठरलं. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, तिकडे ते अशुभ मानतात. आणि जर्मनीत सोळाव्या वर्षापासून बिअर-वाइन कायद्याने चालते, अमेरिकेत एकविसाव्या वर्षापर्यंत चालत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला हे पहिल्याच आठवड्यात, उपदेशाचा सूर न लावता, स्पष्ट सांगा. घरच्या पार्टीत प्रेमाने पुढे केलेला ग्लास तुम्हालाच अडचणीत आणू शकतो.

आता जड गोष्ट. आपल्या उंबऱ्यावर, कलशावर, वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक असतं. जर्मनीत नाझींच्या चिन्हांचं जाहीर प्रदर्शन हा फौजदारी कायद्याच्या कलम 86 अ खाली गुन्हा आहे. ती मुलगी बव्हेरियातली. शाळेच्या सहलीत ती डाखाऊला जाऊन आलेली, 1933 साली म्युनिकजवळ उघडलेल्या छळछावणीच्या स्मारकाला. अशा मुलीने विमानतळावरून थेट येऊन आपल्या दारावर ते चिन्ह पाहिलं तर काय होईल याचा विचार करा. आम्ही व्हिडिओवरच्या मुलाखतीतच तिला देवघर दाखवलं होतं, चिन्हाचा अर्थ आणि त्याचं वय सांगितलं होतं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘मला सवय व्हायला वेळ लागेल, पण सांगितलंत ते बरं झालं.’ दिवाळीत सासूबाईंनी रांगोळीत स्वस्तिक काढलं तेव्हा ती शेजारी बसून रंग भरत होती.

त्याहून मोठा प्रश्न मैंदर्गीत आला. नात्यातल्या एका कॉलेजच्या मुलाने ती जर्मनीची म्हटल्यावर आनंदाने हिटलरचं नाव घेतलं आणि अंगठा उंचावला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर हिटलरचं आत्मचरित्र विकायला असतं आणि पुष्कळ मुलं त्याला नुसता शिस्तीचा, करारी पुढारी समजतात. ती पांढरीफटक पडली आणि उठून आत गेली. मी त्या मुलाला बाजूला घेऊन बसले. साठ लाख ज्यू माणसं मारली गेली, तिच्या देशातली मुलं हे ओझं घेऊन मोठी होतात, हे सांगितलं. तो खजील झाला. जर्मन पाहुणी गावी नेणार असाल तर हे आधी फोनवर सांगून ठेवा, विशेषतः तरुण मुलांना.

मैंदर्गीला आम्ही 2024 च्या नाताळच्या सुट्टीत गेलो. त्याआधी दोन कागदी गोष्टी कराव्या लागल्या. जे-1 व्हिसावर अमेरिकेबाहेर जाऊन परत यायचं तर मुलीच्या डीएस-2019 या कागदावर संस्थेची प्रवासाची सही लागते. आणि भारताच्या पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून तो सगळा काळ आम्ही तिची रजा धरला. गावात ती पाहुणी होती. हे मी घरी दहादा सांगितलं, कारण ‘मुलांना बघायलाच आणलीय ना हिला?’ हा प्रश्न येणारच होता.

वाड्यात तिला वेगळी खोली आणि आतून लागणारी कडी मिळावी, एवढं मी मागून घेतलं. आपल्याकडे माजघरात सगळ्या बायका-मुलांनी एका ओळीत झोपण्यात ऊब आहे, पण तिला ती झोप लागणार नव्हती. बाकी आग्रह, गालाला हात लावणं, ‘किती गोरी’, ‘लग्न कधी’, ‘पगार किती’, हे सगळं झालं. ती पगार सांगून मोकळी झाली. लग्नाच्या प्रश्नाला मात्र दर वेळी गोंधळून माझ्याकडे बघायची. घरात मोठी माणसं आपसात कन्नड बोलतात. ती बसलेली असताना हशा पिकला की तिला वाटे, आपल्यावरच हसताहेत. तेव्हा कोणीतरी एकाने शेजारी बसून सांगत राहावं. आमच्याकडे हे काम माझ्या आठ वर्षांच्या मुलीने फार चोख केलं.

चूल-भांड्यांपाशी ती मदतीला गेली की बायका म्हणायच्या, ‘राहू दे, राहू दे.’ ती हात पुसून बाहेर येऊन बसायची. तिसऱ्या वेळी ‘राहू दे’ म्हटल्यावर कामाला लागायचं असतं, हे तिला कसं कळावं? दोन दिवसांत कुजबुज सुरू झाली, पोरगी आळशी आहे. मग मी जावेला म्हटलं, ‘तिला नेमकं काम सांगा.’ जावेने शेंगाचटणीसाठी उखळ पुढे केलं आणि ती तासभर कांडत बसली. कडक भाकरीवर तर तिचा जीव जडला. तिकडच्या कुरकुरीत वाळक्या पावासारखी लागते म्हणून लोणी लावून खायची.

24 डिसेंबरची संध्याकाळ जर्मन माणसाला आपल्या लक्ष्मीपूजनाइतकी जवळची. त्या दिवशी घर, आई-वडील आणि शांतता लागते. नेमकी त्याच वेळी पाहुणी बघायला आळीतली माणसं आली होती. सासूबाईंनीच सगळ्यांना दुसऱ्या दिवशी चहाला बोलावून वाटेला लावलं. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते, तेव्हा तिकडे संध्याकाळ व्हायला आपल्याकडे रात्र होते. रात्री उशिरापर्यंत ती गच्चीवर घरच्यांशी बोलत राहिली आणि कोणीही तिला जेवायला हाक मारली नाही.

30 डिसेंबरला वेळ अमावस्या होती. सोलापूर-लातूरच्या सीमाभागात मार्गशीर्षातल्या या दिवशी सगळं घर शेतावर जातं. कडब्याची कोप करून पांडव मांडतात, पूजा होते, आंबील, भज्जी, उंडे, गव्हाची खीर असं जेवण रानातच होतं. ज्वारीच्या उभ्या पिकात ती दिवसभर आनंदात होती. दुपारी माझा पाच वर्षांचा मुलगा विहिरीच्या कठड्यावर वाकला. माझ्या चुलतसासूबाईंनी त्याला मागे ओढलं आणि पाठीत दोन धपाटे घातले. ती मुलगी धावत आली, त्याला उचललं आणि सगळ्यांदेखत ठणकावून म्हणाली, ‘मुलांना मारायचं नाही!’ इंग्रजी कोणाला कळलं नाही, पण सूर सगळ्यांना कळला. ज्या बाईने नातवाचा जीव वाचवला तिला काल आलेल्या पोरीने सुनावलं होतं. चुलतसासूबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या. परतताना गाडीत कोणी बोललं नाही.

रात्री मी दोघींशी वेगवेगळं बोलले. मुलीला सांगितलं की ते धपाटे घाबरलेल्या माणसाचे होते. ती म्हणाली, ‘माझ्या देशात हा कायदाच आहे.’ खरंच आहे: 2000 सालापासून जर्मनीत मुलांना मारहाणीविना वाढण्याचा हक्क कायद्याने मिळालेला आहे. चुलतसासूबाईंना मी म्हटलं, ‘काकी, तुम्ही ओढलं म्हणून तो वाचला. पण मारण्याबद्दल तिचं म्हणणं मला पटतं.’ त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही की न मारता पोरं वाढतात.’ दुसऱ्या दिवशी मुलगी त्यांच्या पाया पडली. ती चाल तिला माझ्या लेकीने शिकवली होती. त्यांनी तिला जवळ घेतलं.

याबाबतीत माझं मत ठाम आहे. मुलांवर हात उगारायचा नाही हा नियम घरातल्या प्रत्येकाला लागू आहे, असं ओ पेअर यायच्या आधीच ठरवा आणि गावच्या मंडळींना कळवा. तिलाही सांगा, की मूल धोक्यात नसेल तर तक्रार चारचौघांत न करता तुमच्याकडे करावी. दर आठवड्याला एकदा मुलं झोपल्यावर अर्धा तास समोरासमोर बसा आणि काय खटकलं ते दोन्हीकडून बोला. जर्मन मुलगी तोंडावर बोलेल. ते उद्धटपणाचं समजू नका. त्या बोलण्यावरच तुमचा संसार सुरळीत चालणार आहे. आणि मुळीच जुळत नसेल तर कुढत राहू नका. स्थानिक समन्वयक दर महिन्याला संपर्कात असतो. त्याच्याकडून मुलीला दुसरं घर आणि तुम्हाला दुसरी मुलगी शोधण्याची सोय आहे.

मैंदर्गीच्या त्या मुक्कामानंतर आमच्या नात्यातली एक मुलगी जर्मन शिकायला लागली आहे. तिला आता तिकडे ओ पेअर म्हणून जायचं आहे. व्हिसाच्या अर्जावेळी वय 27 च्या आत हवं, भाषेची ए-1 पातळी हवी. जर्मनीत काम दिवसाला सहा तास आणि आठवड्याला 30 तासांपर्यंत, हातखर्च महिन्याला 280 युरो, भाषेच्या वर्गासाठी आणखी 70, आणि विमा यजमानांनी काढायचा. घरात जर्मन बोलली जायला हवी. जर्मनीत स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबाला भारतातून ओ पेअर बोलावता येत नाही, तेव्हा ओळखीतल्या मराठी घरी जाईन ही तिची कल्पना मी काढून टाकली. सही करण्याआधी वेळापत्रक लेखी माग, खोलीचा फोटो माग, घरात आजी-आजोबा राहतात का ते विचार, असं तिला सांगितलं आहे. आणि रविवारी सकाळी मुलांना कोण उठवतं, हेही.