जात्यापाशी शिकलेले संशोधन

(द्वितीय वर्ष, कला)

'संशोधन' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या नळ्या आणि सूक्ष्मदर्शक उभे राहतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याला संशोधनाशी काय कर्तव्य, असेही पुष्कळांना वाटते. परंतु माणसाचे वागणे, समाजाच्या रीती आणि लोकांच्या कला हेदेखील संशोधनाचेच विषय होत. आपली प्रयोगशाळा गल्लीत, शिवारात, किंबहुना आपल्या स्वयंपाकघरातही असते. जात्यावरच्या ओव्यांच्या निमित्ताने प्रस्तुत लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. लोकांकडून माहिती घेणे वेगळे आणि लोकांकडून शिकणे वेगळे. हा फरक मला पुस्तकांनी सांगितला. पण पटवून दिला तो माझ्या आजीने.

ओवी ही फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या इ. स. ११२९ च्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आढळतो. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही दीडशे वर्षे आधी ही ओवी कष्टकरी बायकांच्या तोंडी होती. तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष मात्र उशिरा गेले. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या दोन भागांच्या पुस्तकात बायकांच्या ओव्या गोळा केल्या. दुर्गा भागवतांनी १९५६ साली 'लोकसाहित्याची रूपरेखा' लिहून या अभ्यासाला शास्त्राची बैठक दिली. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे गावोगावचे धन पुस्तकांत आणले. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने व आप्तांनी उतरून घेतली, म्हणून १९५२ साली ती महाराष्ट्राला मिळाली. शेजारी लिहून घेणारे कोणी नव्हते, अशा किती बहिणाबाई होऊन गेल्या असतील!

या क्षेत्रातील सर्वांत मोठे काम पुण्यात झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ हे दोघे मुळशी तालुक्यातील डोंगरी भागात गरिबांच्या संघटनेचे काम करीत होते. ते करता करता १९८० च्या दशकात त्यांनी ओव्या जमवण्यास आरंभ केला. पुढे गावोगावचे कार्यकर्ते त्यात सामील झाले. १,००,००० हून अधिक ओव्या, १,००० हून अधिक गावे आणि ३,००० हून अधिक गाणाऱ्या बाया असा हा पसारा आहे. बर्नार बेल यांनी १९९० च्या दशकात कित्येकींच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण केले. पॉइटवँ २००४ साली व राईरकर २०१० साली निवर्तले. पण २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हा संग्रह लोकांपुढे मांडू लागले. या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे ओवीसोबत गाणारीचे नाव व तिचे गाव नोंदवलेले आहे. जुन्या पुष्कळ संग्रहांत ओवी सापडते, बाई सापडत नाही.

या ओव्यांत काय नाही? माहेर-सासर, भाऊ, लेकीची पाठवणी, पंढरीचा विठ्ठल, सीतेचा वनवास हे तर आहेच. शिवाय दलित वस्त्यांतील बायांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्याही आहेत. म्हणजे ओवी हा जुना ठेवा नुसता जपलेला नव्हता. काळाबरोबर त्यात भर पडत होती. एक बाई पहिली ओळ उचलते, दुसरी तिला जोड देते. कधी पहिली ओळ परंपरेची आणि दुसरी स्वतःची. दळण पहाटेचे, घरातली पुरुषमंडळी झोपेत. त्यामुळे दिवसा बोलता येत नव्हते ते जात्याला सांगता येई. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि कला हे तिन्ही विषय एका खुंट्याभोवती फिरतात, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

आता माझा अनुभव सांगते. यंदा आम्हाला प्रकल्प होता. मी ओव्यांचा विषय घेतला आणि चोवीस प्रश्नांची प्रश्नावली तयार करून गावी गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे हातात छापील कागद घेऊन आजीपुढे बसताना मला थोडी ऐटही वाटत होती. नाव लिहिले. वय तिने अंदाजाने सांगितले. शिक्षण विचारले तर ती हसली. मी 'निरक्षर' लिहिले. व्यवसाय विचारला. ती म्हणाली, "मी काय करती माय, घरीच असती." जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेल्या, आठ माणसांचे दळण दळलेल्या बाईचा रकाना कोरा राहिला.

ओवी म्हण म्हटले तर तिला एकही आठवेना. "जातं फिरल्याबिगर येत न्हाई," म्हणाली. तेव्हा गोठ्यात पालथे पडलेले जाते आम्ही धुऊन ओट्यावर आणले. शेजारच्या मावशी समोर बसल्या. दोन मुठी ज्वारी पडली, दगड घरघरला आणि आजीने ओवी उचलली. ती मग दोन तास थांबली नाही. मी प्रश्नावली बाजूला ठेवली.

मध्येच तिने एका लहान लेकीवर ओवी म्हटली. मावशींनी डोळ्याला पदर लावला. नंतर कळले की बाबांना एक थोरली बहीण होती, ती तापाने गेली. मला हे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी समजले. घरात तिचे नाव कधीच निघत नाही. ते फक्त जात्यावर निघत होते, आणि गिरणी आल्यावर तिथूनही गेले.

प्रकल्पाच्या दृष्टीने ती ओवी सर्वांत मोलाची होती. मी आजीला विचारले, ही लिहू का? ती बराच वेळ पीठ गोळा करीत राहिली. मग म्हणाली, "लेक होती म्हणून लिही. पर तिचं नाव आन ती ओवी कागदात घालू नको. बाकीच्या घाल, आन त्याखाली माझं नाव घाल." मी बेचाळीस ओव्या उतरवल्या होत्या. प्रकल्पात एकेचाळीस आहेत.

यावरून मला जे उमगले ते थोडक्यात असे. पहिले, कला तिच्या कामापासून तोडून विचारली तर ती गप्प होते. म्हणून प्रश्न नेण्याआधी जाते शोधावे. दुसरे, आपले रकाने माणसापेक्षा लहान असू शकतात. तिसरे, नाव छापणे हा जसा गाणारीचा मान आहे, तसे काही न छापणे हा तिचा हक्क आहे. तिच्यामुळे आपल्याला गुण मिळणार असतात. तेव्हा निदान विचारण्याचे सौजन्य तरी आपल्याकडे हवे.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजी आहेत. त्या सगळ्या थकल्या आहेत आणि जाती अडगळीत पडली आहेत. येत्या सुट्टीत वही घेऊन जरूर बसा, पण आधी खुंट्याला हात लावा. माझ्या लिखाणात उणिवा असतील; गुरुजनांनी त्या दाखवाव्यात. प्रश्नावलीतला तो कोरा रकाना मात्र मी भरला आहे. तिथे लिहिले आहे : शेतमजुरी, दळण आणि ओव्या रचणे.