आधी भूक काढ, मग शिंगं

प्राणी काढायला बसलीस की तुझा हात आधी शिंगांकडे जातो, मग पंखांकडे, मग डोळे वाढत जातात. तिथे थांब बाळा. कागदाच्या कोपऱ्यात लिही : याला हवंय काय? उत्तर मिळेपर्यंत पेन्सिल खाली ठेव. रोलप्ले खेळातला प्राणी भिंतीवर टांगायचा नसतो. चार-पाच जण फासे घेऊन बसलेले असतात, खेळ चालवणारा तुझं चित्र त्यांच्यापुढे धरतो, आणि पुढच्या क्षणी त्याला त्या प्राण्यासारखं वागून दाखवायचं असतं. तेव्हा तुझी तेरा शिंगं त्याच्या काही कामाची नाहीत.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्ले खेळ १९७४मध्ये आला. त्यातला रस्ट मॉन्स्टर खेळाचे एक कर्ते गॅरी गायगॅक्स यांना हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांत सापडला. घुबडाच्या तोंडाचं अस्वल, म्हणजे आउलबेअर, तेही त्याच खेळण्यांतलं. रस्ट मॉन्स्टरचं खेळणं ओबडधोबड, धड किडा नाही की धड जनावर नाही. गायगॅक्स यांनी त्याला फक्त भूक दिली, लोखंडाची. त्याच्या मिशा चिलखताला लागल्या की चिलखताचा गंज होतो आणि तो गंज हा चवीनं खातो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरी ड्रॅगनपुढे छाती काढून उभा राहणारा गडी याला बघून तलवार पाठीमागे लपवतो. हसू आणि धास्ती दोन्ही त्या एका भुकेतून येतात, म्हणून मिशा अशा काढायच्या की आता लागतील असं वाटलं पाहिजे.

भुकेनंतर दुबळी जागा शोध. त्याच खेळाच्या १९८१च्या ‘फीन्ड फोलिओ’ या प्राण्यांच्या पुस्तकात फ्लम्फ नावाचा जीव आहे : जेलीफिशसारखा, हवेत तरंगणारा, स्वभावानं सज्जन. उलटा पडला की बिचारा काहीच करू शकत नाही. लोक त्याला वर्षानुवर्षं हसले, पण विसरले नाहीत. मला तो फार आवडतो. खेळाडूंना प्राण्याला मारण्यापलीकडे काहीतरी करता आलं पाहिजे. त्याला सरळ करता यावं, खाऊ घालता यावं, फसवता यावं. ती फट चित्रातच दिसू दे.

प्राणी केवढा ते दाखवायचं असेल तर आपल्या गडांच्या दरवाज्यांवर कोरलेले शरभ, ते काल्पनिक पशू, नीट बघून ये. पंजात, कधी शेपटीतसुद्धा, एवढेएवढेसे हत्ती धरलेले असतात. हत्ती सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे शरभ केवढा हे सांगावं लागत नाही. तूही प्रत्येक प्राण्याजवळ एखादी ओळखीची वस्तू ठेव : चप्पल, कंदील, बटण. आयझॅक विल्यम्स यांच्या ‘माउसरिटर’मध्ये खेळाडू उंदीर असतात. तिथे साधं मांजरसुद्धा राक्षस होतं, त्याला वेगळे दात लावावे लागत नाहीत.

छपाईचं थोडक्यात सांगते. लोकवर्गणीच्या किकस्टार्टर संकेतस्थळावर २०१९मध्ये ‘झीनक्वेस्ट’ हा छोट्या पुस्तिकांचा उपक्रम सुरू झाल्यापासून छोट्या खेळांच्या ए-फाइव्ह पुस्तिका भरपूर निघतात, बऱ्याचशा काळ्या शाईत. ए-फोरवर काढलेलं ए-फाइव्हवर आलं की लांबी-रुंदी साधारण ७१ टक्के होते, आणि बारीक रेघांची जाळी बुजून काळा डाग उरतो. चित्र पक्कं करण्याआधी त्या मापाची झेरॉक्स काढून बघ. स्कॅन ६०० डीपीआयला कर. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, त्यामुळे खेळाच्या लेखकाकडे शेवटी कधी एखादं पान रिकामं उरतं. त्या पानासाठी एक छोटं चित्र जवळ ठेव. रंगाची हौस असेल तर एकच घे. योहान नोर यांनी ‘मर्क बोर्ग’ या खेळाच्या पुस्तकात पिवळ्या रंगाचा केवढा दरारा उभा केलाय ते बघ.

लेखकाला आधी रंगवलेलं चित्र पाठवू नकोस. अंगठ्याएवढी तीन रेखाटनं पाठव, नुसत्या काळ्या आकृत्या. सावलीवरून तिन्ही वेगळी ओळखू आली नाहीत तर आत कितीही खवले भरलेस तरी ती ओळखू येणार नाहीत.

आणि पैशाचं बोलायला लाजायचं नाही. चित्र पुस्तिकेपुरतं दिलं की पत्ते आणि टी-शर्टांसाठीही, किती वर्षांसाठी, हे लिहून घे. कागदावरचं मूळ चित्र तुझ्याकडेच राहील हेही त्यातच लिही. माणूस कितीही ओळखीचा असला तरी पहिली रेघ त्यानंतर.