मानेच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा कामावर

अभ्यासासाठी वाचन : फिलिप्पैकरांस पत्र 2:25-30; मार्क 8:22-25

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय आपण पुष्कळदा वाचतो, पण बहुधा पहिल्या अकरा ओव्यांपर्यंतच. शेवटच्या सहा ओव्यांवर उपदेश क्वचितच ऐकू येतो. त्यांत एका आजारी मनुष्याची हकीकत आहे. एपफ्रदीत हा फिलिप्पै येथील मंडळीने पौलाकडे देणगी देऊन पाठवलेला भाऊ. तो तिकडे आजारी पडला आणि मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला. देवाने त्याच्यावर दया केली असे पौल लिहितो, पण तो कसा बरा झाला, किती दिवसांनी झाला, याविषयी एक अक्षरही लिहीत नाही. कोणी हात ठेवला व तो तत्काळ उठला असेही तेथे नाही. तो आजारी होता, मग सुधारला, मग प्रवासाजोगा झाला, एवढेच. आपल्या घरांतील बहुतेक दुखणी अशीच बरी होतात, म्हणून हा पाठ आपल्याला जवळचा आहे.

हा पाठ या महिन्यासाठी निवडण्याचे कारण असे की, आमच्या मंडळीतील एका बंधूंची मानेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया झाली. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत साचे तयार करण्याचे व उचलण्याचे काम त्यांनी बरीच वर्षे केले. आधी उजव्या हाताचा अंगठा बधिर होऊ लागला, मग सदऱ्याची बटणे लावताना बोटे चुकू लागली. हातातून चहाचा कप सुटला तेव्हा घरच्यांनी त्यांना डॉक्टरांकडे नेले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. पण घरी आल्यावर दर रविवारी त्यांना दोनच प्रश्न विचारले जात : “अजून पट्टा निघाला नाही का?” आणि “कामावर केव्हा जाणार?” दोन्ही प्रश्न प्रेमाचेच. परंतु विचारणाऱ्यांना मानेत काय केले आहे याची कल्पना नसली, तर ऐकणाऱ्याच्या मनाला ते टोचतात. म्हणून आधी ती कल्पना करून घेऊ.

मानेत सात मणके असतात. सर्वांत वरच्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते, त्यांच्या खाली मात्र प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. या सात मणक्यांवर सुमारे साडेचार-पाच किलो वजनाचे डोके तोललेले असते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो आणि दोन्ही बाजूंनी नसांच्या आठ जोड्या निघून खांद्यांकडे व हातांकडे जातात. गादी झिजली किंवा सरकली आणि एखाद्या नसेवर दाब आला, तर दुखणे मानेत कमी आणि हातात जास्त जाणवते. सहावी नस दबली की अंगठ्याकडे मुंग्या येतात, सातवी दबली की मधल्या बोटाकडे, आठवी दबली की करंगळीकडे. हे नसेचे दुखणे पुष्कळांचे औषध, विश्रांती व व्यायाम यांनी काही आठवड्यांत कमी होते, शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. पण दाब खुद्द मज्जारज्जूवर असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा वेदना थोडी असूनही बटणे लागत नाहीत, अक्षर बिघडते, चालताना पाय अडखळतो. असे दिसले तर “वयोमानाने होते” म्हणून घरी बसू नये. डोक्यावर वर्षानुवर्षे ओझी वाहणाऱ्यांच्या गाद्या लवकर झिजतात, हेही आपल्या हमाल, गवंडी व शेतकरी बंधुभगिनींनी लक्षात ठेवावे. एका प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा 55 किलो असावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने 1967 सालीच केली आहे. आपल्या बाजारपेठेत त्यानंतरही शंभर किलोची पोती पाठीवर गेली, हे जुन्या लोकांना सांगायला नको.

पुष्कळदा केली जाणारी शस्त्रक्रिया मानेच्या पुढच्या बाजूने होते. हे ऐकून लोकांना नवल वाटते, कारण दुखणे तर मागे! पण पुढून गेल्यास मज्जारज्जूला धक्का न लावता गादीपर्यंत पोहोचता येते. गळ्याच्या सुरकुतीत लहानसा छेद घेतात, अन्ननलिका व श्वासनलिका हळूच बाजूला करतात, खराब गादी काढतात, तिच्या जागी हाडाचा तुकडा किंवा लहानसा पिंजरा बसवतात आणि बहुधा धातूची पट्टी स्क्रूने घट्ट करतात. ही पद्धत अमेरिकेतील शल्यविशारदांनी 1958 साली प्रसिद्ध केली आणि आजही तीच पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. काही रोग्यांची शस्त्रक्रिया मानेच्या मागून करावी लागते, तर काहींना कृत्रिम गादी बसवतात. कोणाला काय, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

आता मुख्य मुद्दा. पट्टी बसवली म्हणजे काम झाले असे नव्हे. पट्टी ही ओल्या काँक्रीटखालच्या टेकूसारखी आहे. खरे काम पुढे व्हायचे असते : वरचा मणका व खालचा मणका यांच्यामध्ये नवे हाड भरून दोघे एकजीव व्हायचे असतात. त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात, कधी वर्षही लागते. जखम पंधरा दिवसांत भरते, टाके निघतात, चेहऱ्यावर तेज येते आणि बघणाऱ्याला वाटते की हा आता ठणठणीत आहे. आत मात्र हाड अजून कच्चे असते. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी टेकू काढणारा गवंडी आपण कामावर ठेवणार नाही, पण रोग्याला मात्र तीच घाई करतो.

पहिले काही दिवस गिळताना त्रास होतो, आवाज बसतो. बहुतेकांचा तो हळूहळू जातो. त्या दिवसांत मऊ भात, पेज, खिचडी द्यावी. भेटायला जाणाऱ्यांनी रोग्याला फार बोलायला लावू नये, आणि त्याच्याकडून गीत म्हणवून घेण्याचा आग्रहही धरू नये. गळ्यात पट्टा असताना त्याला मस्तक नमवता येत नाही. म्हणून “सर्वांनी मस्तके नमवू या” असे म्हटल्यावर तो ताठ बसून राहिला तर मुलांनी हसू नये, हे शिक्षकांनी आधीच सांगून ठेवावे. (ताठ मानेच्या लोकांविषयीचा धडा त्या रविवारी टाळला तरी चालेल!) पट्टा किती दिवस घालायचा याबाबत डॉक्टरांची मते वेगवेगळी असतात. कोणी काही आठवडे सांगतात, कोणी मुळीच देत नाहीत. गरजेपेक्षा जास्त दिवस तो घातला तर मानेचे स्नायू दुबळे होतात, तेव्हा “राहू दे, सुरक्षित वाटते” म्हणून तो चालू ठेवू नये आणि लाज वाटते म्हणून लवकर काढूही नये.

मार्काने बेथसैदा येथील आंधळ्याची हकीकत दिली आहे. प्रभूने त्याला एकदा स्पर्श केला तेव्हा त्याला माणसे झाडांसारखी दिसली, आणि दुसऱ्या स्पर्शानंतर सर्व स्पष्ट दिसले. जो एका शब्दात बरे करू शकत होता त्याने येथे दोन टप्प्यांत बरे केले, आणि अर्धवट दिसत असतानाच त्या मनुष्याला “काय दिसते?” असे विचारले. त्यानेही जे दिसले ते खरे सांगितले. आपल्या प्रार्थनासभांतून या खरेपणाला जागा हवी. हाताची वेदना शस्त्रक्रियेनंतर लवकर थांबते, पण बधिरपणा जायला महिने लागतात आणि थोडा कायमचाही राहतो. मज्जारज्जू दबलेला असेल तर शस्त्रक्रियेचा पहिला हेतू दुखणे पुढे वाढू न देणे हा असतो. गेलेली शक्ती किती परत येईल हे वर्षभर पाहावे लागते. अशा बंधूला “प्रार्थना झाली आहे, आता विश्वासाने उचल” असे म्हणणारे आपल्यात आहेत. मला हे बोलणे अगदी चुकीचे वाटते. बेथेस्दा येथील मनुष्याने आपली बाज त्याच दिवशी उचलली हे खरे, पण ती उचलण्याची आज्ञा प्रभूने दिली होती, शेजाऱ्यांनी नव्हे.

तंबाखूविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. निकोटिनमुळे हाडाला रक्ताचा पुरवठा कमी होतो व हाड जुळण्यात अडथळा येऊ शकतो. विडी, सिगारेट, चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, मशेरी, गुटखा हे सर्व त्यात आले. उपासनेला येताना खिशातली पुडी बाहेर टपरीवर ठेवणारे बंधू आपणांस माहीत आहेत. शस्त्रक्रियेचा इतका खर्च करून पुडी चालू ठेवणे म्हणजे एका हाताने भिंत बांधून दुसऱ्या हाताने विटा काढणे होय.

दुसरी धोक्याची गोष्ट म्हणजे न्हाव्याकडून किंवा मालिशवाल्याकडून मान कडकन मोडून घेणे. धडधाकट माणसालाही त्यापासून इजा झाली आहे. शस्त्रक्रिया झालेल्याने तर मानेला असा हात लावूच देऊ नये.

व्यायामाची सुरुवात चालण्याने होते. घरातल्या घरात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग चर्चपर्यंत. मानेचे व्यायाम फिजिओथेरपीवाल्यांनी सांगितल्यावरच सुरू करावेत. सुरुवातीच्या आठवड्यांत दोन ते पाच किलोंपेक्षा जास्त उचलू नये असे डॉक्टर बहुधा सांगतात. भरलेली घागर किंवा नातवंड यापेक्षा जड असते, हे आजी-आजोबांनी ध्यानात घ्यावे. स्कूटरचा प्रवास, त्यातही गतिरोधकांवरचे धक्के, डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत टाळावे. ताप येणे, जखमेतून पू येणे, गिळणे किंवा श्वास घेणे जास्त जड जाणे, हातापायात नवा अशक्तपणा येणे, लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही झाले तर रविवारपर्यंत न थांबता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

बसून करण्याचे काम पुष्कळांना चार ते सहा आठवड्यांत सुरू करता येते. अंगमेहनतीचे काम मात्र साधारण तीन ते सहा महिन्यांनी, तेही क्ष-किरण तपासणीत हाड जुळलेले दिसल्यावर. खरी अडचण येथेच आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे आपल्या ई.एस.आय.मध्ये, आजारपणाचा भत्ता वेतनाच्या 70 टक्के मिळतो आणि तो वर्षाला 91 दिवस. हाड सहा महिने मागते आणि भत्ता तीन महिन्यांत संपतो! मग घरात पीठ संपले की मनुष्य डॉक्टरांचे ऐकत नाही, आणि त्याला दोष देणे सोपे असते. परंतु दीर्घ आजारांसाठी त्याच योजनेत वाढीव भत्ता आहे, त्याचा दर 80 टक्के आहे, आणि त्या आजारांच्या यादीत मणक्यांमधली गादी सरकणे हेही आहे. त्यासाठी विमेदार म्हणून दोन वर्षांची नोकरी आणि ठरलेली वर्गणी भरलेली असावी लागते. मंडळीतील लिहिता-वाचता येणाऱ्या एखाद्या बंधूने किंवा भगिनीने रोग्याबरोबर शाखा कार्यालयात जाऊन चौकशी केली, कागद भरून दिले, तर ती सेवा फळांच्या टोपलीपेक्षा मोठी होईल. ज्यांची नोंदणीच नाही, रोजंदारीवर आहेत, त्यांच्यासाठी चौथ्या, पाचव्या व सहाव्या महिन्यांचे धान्य मंडळीने पाहावे. पहिल्या महिन्यात सर्वच येतात.

कामावर परत जाताना एकदम पूर्ण पाळी घेऊ नये. मालकाला डॉक्टरांचे पत्र द्यावे आणि त्यात किती किलो उचलता येईल हे स्पष्ट लिहून घ्यावे. “हलके काम द्यावे” एवढ्यावर मुकादम आपल्या सोयीचा अर्थ काढतो. ओझे डोक्यावर किंवा खांद्यावर न घेता छातीशी, कमरेच्या उंचीवर धरावे, जड असेल तर दोघांनी उचलावे किंवा ढकलगाडी वापरावी. छताचा गिलावा, छताचे रंगकाम अशी मान मागे टाकून करण्याची कामे गवंड्यांनी व रंगाऱ्यांनी साथीदारावर सोपवावीत. मान कायमची आखडेल अशी भीती पुष्कळांना असते, पण एक जोड पक्का केल्याने फारसे बिघडत नाही, कारण मान वळवण्याचे सुमारे अर्धे काम वरचे दोन मणके करतात. जोडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या गाद्यांवर मात्र भार वाढतो. 1999 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दहा वर्षांत सुमारे चौघांपैकी एकाला शेजारच्या जागी नवा त्रास होऊ शकेल असा अंदाज दिला आहे. म्हणून ही काळजी सहा महिन्यांपुरती नाही.

काहींना जुने काम पुन्हा करता येत नाही. ज्याने आयुष्यभर खांद्याच्या जोरावर घर चालवले, त्याला फाटकावर बसून गाड्यांची नोंद करताना अपमान वाटतो. आमच्या त्या बंधूंना सध्या फाउंड्रीत मालाच्या मोजणीचे काम मिळाले आहे. पगार थोडा कमी आहे. आता येथे पौलाचे शब्द बारकाईने पाहा. एपफ्रदीताला तो भाऊ, सहकारी, सहसैनिक, मंडळीचा जासूद आणि आपल्या गरजेत सेवा करणारा असे म्हणतो. हे त्याने त्याच्या दुखण्यानंतर लिहिले आहे. आजारामुळे हा मनुष्य पाठवलेले काम पुरते करू शकला नाही अशी कुजबुज फिलिप्पै येथे होऊ शकली असती. पौल आधीच त्याला मान देण्यास सांगतो. सव्विसावी ओवीही सोडू नका : आपण आजारी आहोत हे घरच्या मंडळीला कळले म्हणून एपफ्रदीत बेचैन होता. रोग्याला स्वतःच्या दुखण्याइतकीच, आपल्यामुळे इतरांना घोर लागला याची टोचणी असते. तो “ठीक आहे” म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपल्याला सांभाळून घेत असतो.

शिक्षकांसाठी : वरच्या वर्गात हा पाठ घेताना मुलांना एकमेकांच्या मानेमागे बोट ठेवून खालचा उंच मणका चाचपून पाहू द्या, तो बहुधा सातवा असतो. नंतर कोणालाही मान न वाकवता वहीत आपले नाव लिहायला सांगा. मग विचारा : एपफ्रदीत घरी पोहोचला त्या दिवशी फिलिप्पै येथील कोणी त्याला काय म्हटले असेल? त्याला लगेच कोणते काम सांगू नये असे तुम्हांला वाटते? आपल्या मंडळीत सध्या कोण दुखण्यातून उठत आहे, आणि त्यांच्या घरी पाणी कोण भरते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नावांसह घ्या, आणि पुढच्या शनिवारी मोठ्या मुलांपैकी दोघांना घागरी घेऊन तिकडे पाठवा.